रिकाम्या पिंपाच्या मागोमाग

पेडण्याचा माझा मावसभाऊ पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला आला, तेव्हा मी त्याच्यासमोर बर्बन या अमेरिकी व्हिस्कीचा ग्लास ठेवला. त्याने आधी वास घेतला, मग घोट जिभेवर फिरवला आणि विचारलं, "दादा, ही गोडी मक्याची काय?" मी लगेच हो म्हणालो. बर्बन मक्याची असते हे केंटकीत राहणाऱ्याला पाठच असतं, त्यामुळे उत्तर उघड वाटलं. पण ते चुकीचं होतं. का चुकीचं, हे कळायला मला रम, आर्मन्याक, टकीला असा लांबचा फेरा घ्यावा लागला. बर्बन आवडते, आता पुढे काय चाखावं, असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यांना बाटल्यांची नावं सांगण्याआधी मी भावाचा हा प्रश्न सांगतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पुढची वाट आपोआप दिसते.

साखरेची वाफ होत नाही. गुऱ्हाळात रस उकळताना पाणी उडून जातं आणि गोडी काहिलीत राहते, हे आपण पाहिलेलं आहे. दारू गाळतानाही तेच होतं. मक्यातल्या पिठाची आधी साखर होते, यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, आणि भट्टीतून फक्त अल्कोहोल, थोडं पाणी आणि वासाची द्रव्यं वर चढतात. केंटकीत या ताज्या धारेला 'व्हाइट डॉग' म्हणतात. दिसायला पाण्यासारखी स्वच्छ, वास ओल्या मक्याच्या पिठाचा. मक्यामुळे तिला एक मऊपणा येतो हे खरं, पण तिच्यात साखर नसते, रंग नसतो, व्हॅनिला नसतो. आपण बर्बनमध्ये ज्याला गोडी म्हणतो, ती पुढे पिंपात येते. त्यातही बरीचशी जिभेला नव्हे, नाकाला जाणवणारी असते. व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास आला की मेंदू गोड म्हणून मोकळा होतो.

आता कायदा बघा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बर्बनच्या धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो. उरलेल्यात राय नावाचं तिखटसर धान्य किंवा गहू, आणि थोडं माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, जव. गाळलेल्या दारूत अल्कोहोल ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. वरून रंग किंवा चव घालायची नाही. 'स्ट्रेट' लिहायचं तर निदान २ वर्षं पिंपात हवी. १८९७ च्या कायद्यातून आलेलं 'बॉटल्ड इन बाँड' लिहायचं तर एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, निदान ४ वर्षं मुरलेली आणि नेमकी ५० टक्क्यांची. हे सगळं केंटकीतच व्हायला हवं असं मात्र नाही. अमेरिकेत कुठेही चालतं, आणि १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन ही देशाची खास वस्तू असल्याचा ठरावही केला.

या सगळ्या अटींमधली चवीच्या दृष्टीने सर्वांत मोठी अट शेवटी सांगतो: पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं हवं. एकदा बर्बन भरून रिकामं केलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही.

लाकूड जळतं तेव्हा काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ओकमध्ये लिग्निन असतं, लाकडाला ताठपणा देणारं. आचेने ते फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच द्रव्य. लाकडातल्या हेमिसेल्युलोजमध्ये साखरेच्या साखळ्या असतात. त्या तापून कॅरॅमल, टॉफी, भाजलेल्या गुळासारखे वास देतात. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याला नारळाचा वास येतो, आणि अमेरिकेच्या पांढऱ्या ओकमध्ये ते फ्रान्सच्या ओकपेक्षा पुष्कळ जास्त असतं. बर्बनमध्ये सुक्या खोबऱ्याची आठवण होते ती यामुळे. टॅनिन तुरटपणा देतं, चहा जास्त वेळ उकळल्यावर येतो तसा. सगळ्यात आतला कोळशाचा थर गाळणीचं काम करतो आणि ताज्या दारूतले गंधकाचे उग्र वास धरून ठेवतो. पिंप फोडून त्याची फळी उभी चिरली तर कोळशाच्या मागे लाकडात एक लालसर रेघ दिसते. दारू लाकडात तिथवर शिरली होती, याची ती खूण. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातली फळी कितीतरी वेळ खाली ठेवली नव्हती.

दारू लाकडात शिरते आणि बाहेर येते ती हवेमुळे. केंटकीचा उन्हाळा कडक. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर तर भट्टीच. दारू फुगून लाकडात घुसते, हिवाळ्यात आक्रसून परत येते, येताना लाकडातलं घेऊन येते. या सगळ्यात थोडी उडून जाते. तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के, केंटकीत ३ ते ५, आणि गोवा-बेंगळुरूसारख्या हवेत ८ ते १० टक्के किंवा त्याहून जास्त. २०० लिटरचं पिंप १० वर्षं ठेवलं असं धरून हिशोब केला तर स्कॉटलंडमध्ये साधारण १६३ लिटर उरेल, केंटकीत ४ टक्क्यांनी १३३, आणि १० टक्क्यांनी जेमतेम ७०. म्हणून बाटलीवरचा वयाचा आकडा एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन ताडू नये. १२ वर्षांची स्कॉच म्हणजे तरणीबांड, आणि १२ वर्षांची बर्बन म्हणजे लाकडाने जवळजवळ व्यापलेली. गंमत म्हणजे केंटकीच्या कोरड्या, तापलेल्या वरच्या मजल्यावर पाणी जास्त उडतं, त्यामुळे पिंपातली दारू वर्षागणिक अधिक जहाल होते. स्कॉटलंडच्या दमट गारव्यात अल्कोहोल जास्त उडतं आणि दारू सौम्य होत जाते.

तर आता केंटकीत दरवर्षी लाखो पिंपं रिकामी होतात आणि त्यांचा बर्बनला उपयोग नाही. ती जातात कुठे? मला दुसऱ्या दारवांचा रस्ता या पिंपांनी दाखवला. (टबॅस्को सॉसची मिरचीसुद्धा लुइझियानात याच पिंपांत मुरते, हे जाता जाता.)

सगळ्यात जास्त पिंपं स्कॉटलंडला जातात. पूर्वी तिथे शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं वापरत, कारण शेरी पिंपातून ब्रिटनला यायची. १९८० च्या दशकात ती स्पेनमध्येच बाटलीत भरली जाऊ लागली, ती पिंपं दुर्मीळ आणि महाग झाली, आणि तोवर वाढत आलेला बर्बनच्या पिंपांचा वापर जवळजवळ सार्वत्रिक झाला. पण पहिल्या मुक्कामात लाकडाने आपला बराचसा ऐवज बर्बनला देऊन टाकलेला असतो. दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या पत्तीसारखं समजा. म्हणून स्कॉचमध्ये लाकूड मागे सरतं आणि जवाची चव, भट्टीच्या आकाराची चव, आंबवण्याची चव पुढे येते. बर्बन पिणाऱ्याला पहिली साधी स्कॉच अनेकदा पातळ वाटते. मलाही वाटली. ती पातळ नव्हती, मी तिच्यात लाकूड शोधत होतो. नंतर स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइगसारखी पीटच्या धुरावर जव वाळवून केलेली चाखली. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला पाला. त्याच्या धुराचा, आयोडीनचा, दवाखान्यासारखा वास, आणि त्याच्या खाली कुठेतरी ओळखीचा व्हॅनिला. एकाच पिंपाच्या लाकडातून दोन इतक्या वेगळ्या गोष्टी बाहेर येतात, हे पटायला हा ग्लास पुरेसा आहे.

पण बर्बनवाल्याला मी आधी स्कॉच देत नाही. आधी रम देतो.

रमचा कच्चा माल आपल्या ओळखीचा: ऊस. बहुतेक रम मळीची असते. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरते ती काळी, चिकट मळी. बार्बाडोसमध्ये ती आंबवून, गाळून, बहुतेकदा बर्बनच्याच रिकाम्या पिंपात मुरवतात. हवा गरम, पिंप ओळखीचं. त्यामुळे फोरस्क्वेअरसारख्या भट्टीची १०-१२ वर्षांची रम डोळे मिटून दिली तर कितीतरी बर्बनवाले ती बर्बनच समजतात. व्हॅनिला तोच, खोबरं तेच. फक्त मक्याच्या जागी काकवीचा तळ.

जमैकात गोष्ट फार वेगळी. तिथे गाळून झाल्यावर भट्टीत उरलेलं पाणी, त्याला 'डंडर' म्हणतात, फेकत नाहीत. ते पुढच्या आंबवणात घालतात. काही जुन्या भट्ट्यांमध्ये खड्ड्यात मुरवलेलं, जिवाणूंनी भरलेलं विरजणही वापरतात. आंबवणं दिवसांवरून आठवड्यांवर जातं. आम्लं तयार होतात, ती अल्कोहोलशी जुळून एस्टर बनतात. एस्टर म्हणजे फळांचे वास. एका एस्टरला केळ्याचा वास, दुसऱ्याला अननसाचा. हॅम्पडन इस्टेटची रम मी पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला माझ्या आजोळची पडवी आठवली. बरका फणस तिथे दोन दिवस पडून फुटला की घरभर जो वास सुटायचा तोच. इथल्या मित्रांना त्यात अतिपिकलं केळं आणि नेलपॉलिश वाटलं, ज्याचं त्याचं बालपण. पण महत्त्वाचं हे की हा वास पिंपाचा नाही. पिंपात जाण्याआधीच तो दारूत असतो. लाकडाशिवायही दारूला इतकं मोठं व्यक्तिमत्त्व असू शकतं, हे मला जमैकाने शिकवलं. त्यानंतर बर्बनमध्येही मी लाकडाच्या खाली ऐकायला लागलो. तिथे राय किती, गहू किती, यीस्टमुळे आलेले फळांचे वास कुठले, हे तेव्हा कळू लागलं.

टकीलाबद्दल थोडक्यात. ती ज्या झाडाची होते ती निळी अगावे, म्हणजे घायपातीची एक जात, वाढायला ६ ते ८ वर्षं लागतात, म्हणजे तिचं वय बरंचसं शेतातच पुरं होतं. 'अन्येहो' म्हणजे निदान १ वर्ष पिंपात, 'एक्स्ट्रा अन्येहो' ३ वर्षं. इथेही बर्बनची पिंपं बरीच वापरतात. माझं मत असं की लाकूड जास्त झालं की अगावेची हिरवी, मिरी चावल्यासारखी चव बुजते. मला २ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत मुरलेली 'रेपोसादो' जास्त आवडते.

ज्या दारूवर माझा सगळ्यात जास्त जीव जडला, तिच्यापर्यंत मात्र केंटकीचं पिंप नेत नाही. आर्मन्याक ही फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गॅस्कनीत होणारी द्राक्षाची ब्रँडी. कोन्याक तिची श्रीमंत, प्रसिद्ध बहीण. कोन्याक तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात आणि ती ७० टक्क्यांच्या आसपास उतरते. आर्मन्याक बहुतेक एकदाच, एका छोट्या उभ्या भट्टीत, ५२ ते ६० टक्क्यांवर. इथे एक सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: जितकी जास्त तीव्र गाळाल, तितकी मूळ पदार्थाची चव मागे राहते. म्हणून आर्मन्याकमध्ये द्राक्ष, साल, माती बरीच शिल्लक असते. शिवाय सुरुवातीचा काळ ती बहुधा नव्या ओकमध्ये मुरते. म्हणजे कमी तीव्रतेवर गाळलेली आणि नव्या लाकडात ठेवलेली. बर्बनच्या स्वभावाशी युरोपातली याहून जवळची दारू मला ठाऊक नाही. फरक असा की फ्रेंच ओकमध्ये खोबऱ्याचा वास कमी आणि टॅनिन जास्त. त्यामुळे व्हॅनिलाऐवजी आलुबुखार, काळ्या मनुका, चामडं, जुनं सागवानी कपाट उघडल्यासारखं काहीतरी येतं.

गॅस्कनीत कितीतरी शेतकरी लहान. स्वतःची भट्टी परवडत नाही. मग आपल्याकडे मळणीयंत्र खळ्याखळ्यावर फिरावं तशी चाकांवरची भट्टी हिवाळ्यात शेतोशेत फिरते. आणि पुष्कळ आर्मन्याक एकाच वर्षाची म्हणून विकली जाते, बाटलीवर ते साल असतं. एखाद्याच्या जन्मसालाची बाटली हाती लागू शकते, आणि तिची किंमत तितक्याच जुन्या बर्बन किंवा स्कॉचच्या मानाने बहुधा कितीतरी कमी असते. सफरचंदाची काल्वादोसही उत्तम, पण ती बर्बननंतर लगेच नको. आर्मन्याकनंतर घ्या, तेव्हा तिचं फळ कळतं.

या फ्रेंच तळघरांतली एक गोष्ट लक्षात ठेवा, तिचा पुढे संबंध येणार आहे. फार वर्षं लाकडात राहिली की दारू कडवट, लाकडीच होऊन बसते. म्हणून योग्य वेळी ती पिंपातून काढून काचेच्या मोठ्या, वेतात गुंफलेल्या बुधल्यांमध्ये ठेवतात. काचेत मुरणं थांबतं.

बर्बनवाल्याला एका बाबतीत सावध करायला हवं. त्याला वाटतं, बाटलीत आहे ते पिंपातून आलं. बर्बनमध्ये तसंच असतं. बाहेर नाही. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद रंग म्हणजे जुनी, हे गणित तिथे लागू नाही. कोन्याकमध्ये रंग, थोडी साखर आणि ओकच्या चिपा उकळून काढलेला अर्कही चालतो. कितीतरी रममध्ये साखर मिसळलेली असते. 'किती स्मूद आहे' असं वाटतं, तेव्हा ती साखर असू शकते. ओळखायची एक साधी रीत: तळहातावर दोन थेंब घेऊन चोळा, वाळल्यावर चिकट लागलं तर साखर आहे. आणि 'सोलेरा' (जुन्या दारूत नवी भरत राहायची पद्धत) लिहून पुढे मोठा आकडा छापलेला असेल, तर तो सगळ्यात जुन्या थेंबाचा असू शकतो. स्कॉच आणि बर्बनमध्ये मात्र आकडा मिश्रणातल्या सगळ्यात लहान दारूचाच असावा लागतो.

आता पिंप भारतात येतं. आपल्याकडे बाजारात मिळणारी बरीचशी स्वस्त व्हिस्की मळीच्या अल्कोहोलवर आधारलेली असते. युरोपच्या नियमात व्हिस्की धान्याचीच आणि निदान ३ वर्षं लाकडात मुरलेली हवी, त्यामुळे तिथे तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. यात आपण शरमायचं कारण नाही. ऊस आपला आहे आणि त्याची चांगली रम होते. १९५४ पासून मिळणारी ओल्ड मंक हे त्याचं घरोघरचं उदाहरण. मला खंत एवढीच, की महाराष्ट्रात कारखान्याकारखान्याला मळी असताना, ती मन लावून आंबवून, गाळून, वर्षानुवर्षं पिंपात ठेवायची परंपरा आपल्याकडे रुजली नाही.

धान्याच्या बाजूला मात्र चित्र बदललं. बेंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीची, फक्त माल्ट केलेल्या जवाची व्हिस्की, थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की होते, तीही प्रामुख्याने बर्बनच्या रिकाम्या पिंपांत. म्हणजे केंटकीत कोरं म्हणून जन्मलेलं पिंप समुद्र ओलांडून सासष्टीच्या दमट उकाड्यात येऊन बसतं. तिथे ऋतू केंटकीसारखे टोकाचे नाहीत, पण उष्णता बारमाही. ५-६ वर्षांत दारू अशी मुरते की स्कॉटलंडला त्याला दुप्पट काळ लागावा. मी ती बर्बनवाल्या मित्रांना देतो तेव्हा फारसं समजावून सांगावं लागत नाही. पिंपाची ओळख त्यांना आधीच असते. उलट भारतात बसून बर्बन चाखायची असेल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आलं, एवढा दिलासा आहे.

चाखायची माझी पद्धत साधी आहे. एका वेळी दोनच ग्लास, प्रत्येकी १५ मिली. तोंडाशी निमुळता ग्लास असावा, वास आत राहतो. दोन्हींची तीव्रता जवळपास सारखी असावी, नसेल तर जहाल असेल तिच्यात पाणी घालून जुळवावी. नाहीतर आपण चव नव्हे, जळजळ ताडत बसतो. नाक खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून हळू हुंगावं. शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे नंतर. आणि पहिल्या जोडीत एक ग्लास नेहमी आपल्या ओळखीच्या बर्बनचा ठेवावा, म्हणजे अनोळखीचा फरक चटकन कळतो.

माझी आवडती जोडी भावामुळे सापडली. पुढच्या खेपेला तो काजूची फेणी घेऊन आला. गोव्यात फेणी परंपरेने लाकडात ठेवत नाहीत. बोंडूंचा रस आंबवायचा, गाळायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, पुढे पुन्हा गाळून फेणी, आणि ती काचेच्या मोठ्या गराफांवमध्ये साठवायची. गॅस्कनीत आणि कोन्याकमध्ये मुरणं थांबवायला जी काच लागते, तीच इथे सुरुवातीपासून आहे. २००९ मध्ये या फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी तिच्याशेजारी बर्बन ओतली. एकीत लाकूड आणि त्याच्या खाली मका, दुसरीत नुसतं फळ, पिकलेल्या बोंडूचा तो घशात चढणारा वास, मध्ये काहीही नाही. भावाला त्याच्या जुन्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्या रात्री दिलं. तो म्हणाला, मग आमची फेणी म्हणजे तुमचा व्हाइट डॉगच झाला. मी म्हणालो नाही, ती पिंपाची वाट बघत नाही, ती आहे तशीच पुरी आहे.

रात्री आम्ही ग्लास धुतले नाहीत, मुद्दाम. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला चिकटून राहतं तेवढंच उरतं. बर्बनच्या ग्लासात व्हॅनिला आणि विझलेल्या चुलीजवळच्या लाकडाचा वास होता. फेणीच्या ग्लासाला भावाने बराच वेळ नाक लावलं, मग माझ्याकडे दिला. त्यात जवळजवळ काहीच राहिलं नव्हतं.